सर्कस आपली, शाळा त्यांची : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा सर्कस पाहिली. एवढा उशीर का, तर लहानपणी आमच्या घरात "अभ्यास केला नाहीस तर सर्कसवाल्यांना देऊन टाकीन" ही धमकी रोजची होती. तंबू दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. गेल्या महिन्यात भाची हट्टालाच पेटली म्हणून गेले. वाघ-सिंहांशिवाय कसली आलीये सर्कस, असं पुटपुटतच तिकीट काढलं. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांच्या खेळांवर केंद्राने १९९८ साली बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आता रिंगणात उरलीत ती माणसं. बरंच झालं म्हणायचं, नाहीतर मी माणसांकडे नीट पाहिलंच नसतं.

झुल्याचा खेळ सगळ्यात शेवटी होता. एका झुल्यावर गुडघे अडकवून झेलणारा उलटा लटकलेला, मनगटांना पांढऱ्या पट्ट्या. समोरच्या फळीवर एक मुलगी तळहाताला पावडर चोळत उभी. तिने झोका घेतला, हात सोडले, हवेत कोलांटी मारली आणि तिची बोटं त्याच्या मनगटांना नुसती घासून गेली. मी डोळे मिटले. भाचीने मिटले नाहीत, म्हणून पुढचं तिच्याकडून कळलं: पडता पडता मुलीने हनुवटी छातीला लावली आणि जाळीवर पाठ टेकवली. पायांवर पडली असती तर घोटा नाहीतर गुडघा गेला असता. मी डोळे उघडले तेव्हा ती जाळीच्या कडेशी पोचली होती. कड धरून कोलांटी घेत खाली उतरली आणि सरळ दोरशिडीकडे चालू लागली. निवेदक काही बोलला नाही. ड्रमवाल्याने ठेका पुन्हा पहिल्यापासून धरला. दुसऱ्या खेपेला मनगटात मनगट बसलं.

पण साहेब, माझं मन अडकलं ते त्याआधीच्या एका खेळात. छताला टांगलेल्या दोरावर एक बाई चढत होती. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर पकडून. ती पकड पाहिली आणि माझ्याच पायाच्या बोटांत कळ उठली. शाळेत असताना मी दोरीचा मल्लखांब करत असे. त्या बेचक्यात दोर काचून पडलेला घट्टा कित्येक वर्षं गेला नव्हता. दहावीच्या वर्षी "पुरे आता" असं घरून आलं आणि मी सोडला. पुढे करून करणार तरी काय होते? आजही राज्य पातळीवर पदकं आणणारी पोरं विशी आली की दोर सोडतात. फार तर टीव्हीवरच्या एखाद्या स्पर्धेत चमकतात, संपलं.

आणि इकडे तंबूत माणसं कमी. मी मोजलं: दोरावरची ती बाई नंतर आणखी चार खेळांत दिसली, दर वेळी वेगळ्या पोशाखात. झुल्याच्या आधी जाळीचा ताण तपासणाऱ्यांतही तीच होती.

याचं एक कारण कायद्यात आहे, आणि तो कायदा योग्य आहे. आमच्या घरची धमकी अगदीच हवेतली नव्हती. नेपाळमधून फसवून आणलेली मुलं सर्कशींत राबवली जात होती. बचपन बचाओ आंदोलन या मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि १८ एप्रिल २०११ च्या निकालात सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणण्याचे आदेश झाले. व्हायलाच हवे होते. मात्र सर्कशीचं शिक्षण पिढ्यान् पिढ्या तंबूतच आणि बालपणीच होत आलेलं. ती वाट बंद झाली, दुसरी कुणी पाडली नाही.

पहिली भारतीय सर्कस १८८० साली मुंबईत उभी केली ती अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी. हा माणूस ग्वाल्हेरला ख्यालगायक हद्दू खाँकडे गाणं शिकला होता. पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना त्यांनी पदरी सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. म्हणजे ख्याल आणि कसरत एकाच तंबूच्या आश्रयाला होत्या. आपल्या खात्याने त्यातला ख्याल तेवढा उचलला.

छत्र्यांची सर्कस केरळात थलासरीला गेली. तिथल्या कीलेरी कुञ्ञिकण्णन या व्यायामशिक्षकाने पोरांना सर्कशीसाठी तयार करायचं मनावर घेतलं आणि १९०१ मध्ये चक्क सर्कशीची शाळा काढली. आज सर्कस म्हटलं की केरळ आठवतं ते त्या शाळेमुळे. केरळ सरकारने २०१० मध्ये तिथे अकादमीही सुरू केली, ती टिकली नाही. फ्रान्सने १९८५ मध्ये शालों या गावी काढलेलं राष्ट्रीय सर्कस कला केंद्र मात्र सरकारी पैशावर अजून चालतंय, आणि तिथून बाहेर पडणाऱ्याच्या हातात उच्च शिक्षणाची पदविका असते. मला वाटतं, गोम या कागदात आहे. पदविका हातात असली की आईबाप निदान ऐकून तरी घेतात.

तेव्हा मागणं असं: छत्र्यांचं स्मारक नको. अठरा वर्षांपुढच्यांसाठी दोन वर्षांचा सर्कस कलेचा अभ्यासक्रम काढा, मान्यताप्राप्त, वसतिगृहासह. विद्यार्थी शोधायला लांब जायला नको, मल्लखांबाचे आखाडे आहेत. शिकवायला खाली उतरलेले झुलेवाले घ्या. चाळिशीनंतर त्यांनाही काम लागतंच. जाळी आणि विमा यांवर काटकसर करू नका. बाकी इमारत साधी चालेल, छत तेवढं उंच हवं.

घरी येताना भाचीने विचारलं, "मावशी, हे शिकायला कुठे जायचं गं?" ती आता अकरा वर्षांची आहे. अठराची व्हायला सात वर्षं आहेत. तोवर एखादा पत्ता तयार झाला तर कृपया कळवावा.

कळावे,
आपली नम्र,
दोर अर्ध्यावर सोडलेली एक प्रेक्षक