कुंदाला, युनिटीच्या सभेनंतर

एडिसन, न्यू जर्सी
६ जुलै २००८

प्रिय कुंदे,

परवा फोनवर ‘मी नोव्हेंबरात रिपब्लिकन मॅकेनला मत देणार’ म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. मी परत केला नाही. आपल्या दोघींचे आवाज चढले की मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते. ह्यांचा गुडघा ठीक, माझी साखर आटोक्यात.

आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी हिलरीऐवजी ओबामांना गेली, याचा तुझा राग मला नवा नाही गं. जानेवारीतल्या वादात ओबामा ‘यू आर लायकेबल इनफ, हिलरी’ म्हणाले तेव्हा तू टीव्हीवर उशी फेकली होतीस. त्याआधी त्यांच्या प्रचारवाल्यांनी हिलरीला ‘डेमोक्रॅट, पंजाब’ म्हणून हिणवलं होतं. म्हणजे आपल्या लोकांशी संबंध ठेवले हाच तिचा गुन्हा! ओबामांनी ती चूक होती असं कबूल केलं, पण ते तुला पुरलं नाही आणि मलाही नाही. मग ३१ मेची पक्षाच्या नियम समितीची ती बैठक. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं, तरी तिथले काही डेलिगेट (उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) त्यांना मिळाले, आणि मिशिगन-फ्लोरिडाच्या प्रत्येक डेलिगेटला अर्धंच मत. हे मी विसरणार नाही.

गेल्या आठवड्यात इथल्या बैठकीत एक पंचविशीतला मुलगा म्हणाला, ‘आता तरी सगळं मागे टाका.’ मी उठून सांगितलं, ‘मागे टाकायला सांगणं जिंकलेल्याला सोपं असतं. हिलरीसाठी या बायकांनी वर्षभर काय केलं ते आधी विचार.’ खोली गप्प झाली. नंतर तो माझ्याकडे आला आणि फोन बँक, म्हणजे मतदारांना फोन करणारी टोळी, कशी लावायची ते त्याने नीट वहीत उतरवून घेतलं. एकी हवी असेल तर जिंकणाऱ्याने अशी दोन पावलं आधी टाकायला हवीत. ओबामांनी हिलरीचं प्रचाराचं कर्ज फेडायला स्वतः २,३०० डॉलरचा चेक दिला. रक्कम लहान आहे, पण त्यांच्या देणगीदारांनी ते पाहिलं.

आणि युनिटीची सभा पाहिलीस का? न्यू हॅम्पशरमधलं एवढंसं गाव, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, दोघांना १०७-१०७ मतं. तिथे हिलरी ओबामांच्या शेजारी उभी राहिली आणि आपल्याला त्यांना मत द्यायला सांगितलं. १ कोटी ८० लाख लोकांनी तिला मतं दिली, त्या सगळ्यांसमोर हे बोलणं तिला किती जड गेलं असेल!

१९८० आठवतं ना? न्यूयॉर्कच्या पक्ष-अधिवेशनात उमेदवारी जिंकलेले अध्यक्ष कार्टर व्यासपीठावर हरलेल्या केनेडींच्या मागे मागे, हात उंचावून फोटो मिळावा म्हणून. तो मिळाला नाही, आणि रिपब्लिकन रेगन ४४ राज्यं जिंकले. २००० मध्ये आपले गोर फ्लोरिडात हरले, फरक फक्त ५३७ मतांचा. तुझ्या पेनसिल्व्हेनियात गेल्या खेपेला आपले केरी दीड लाखाच्याही आतल्या फरकाने आले. मी न्यू जर्सीत रुसून बसले तर कदाचित खपेल, तुझं खपणार नाही.

सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश स्टीव्हन्स ८८ वर्षांचे आहेत, गिन्सबर्ग ७५ च्या. त्यांच्या जागी कोण, हे पुढचा अध्यक्ष ठरवणार, आणि मॅकेनना गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल उलटवायचा आहे. तुला दोन मुली आहेत. ज्या हिलरीसाठी आपण बर्फात दारोदार फिरलो, तिचं सगळं काम तिच्याच नावाने बुडवायचं का?

मंडळाच्या नाटकात मुख्य भूमिका गेली म्हणून तू पडदा ओढायलाही आली नव्हतीस, आणि पडदा नेमका मध्येच अडकला! वसूताई अजून तेच सांगून हसते. तेव्हा नुकसान फक्त आपल्या नाटकाचं झालं होतं.

धाकटीचं ठरलं म्हणे! अभिनंदन. हॉल मिळाला का? छपराचं काम झालं का? सविस्तर कळव.

२५ ऑगस्टपासून डेन्व्हरला पक्षाचं अधिवेशन. हिलरीचं नाव मतदानाला ठेवावं, प्रत्येक राज्याची मतं मोजून जाहीर व्हावीत, ही मागणी मी सोडणार नाही. त्या मागणीच्या पत्रावर तूही सही कर. मोजणी होऊ दे, रडायचं तेवढं रडून घेऊ. मग सप्टेंबरात मी ॲलनटाउनला येते आणि आपण तुझ्या गल्लीपासून सुरुवात करू. तिथले लोक दार तुला उघडतील, मला नाही. फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
मालू