निंबाखालची बालवाडी

जळगाव, ८ जून

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

बालवाडीसाठी तक्ते किती घ्यावेत, असं विचारलंस. सध्या एकही घेऊ नकोस. अंगणात निंब आहे, मागे नाला आहे, बांधाला लागून काळी जमीन आहे. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना वर्षभर पुरेल एवढं सामान झालं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी मांडली तीही बिया, शिंपले, खडे घेऊनच.

फक्त त्याची सहल करू नकोस. महिन्यातून एकदा तापीकाठी नेण्यापेक्षा रोज अर्धा तास त्याच निंबाखाली बसव. पानगळ, मोहर, निंबोळ्या हा क्रम एकच झाड रोज पाहिल्याशिवाय पोरांच्या ध्यानात येत नाही.

आता निंबोळ्या पडू लागतील. मूठभर गोळा करायला लाव आणि एवढंच म्हण, "वेगवेगळ्या कर." कुणी रंगावरून करेल, कुणी लहान-मोठ्यावरून. दोन्ही बरोबर, तू मध्ये बोलू नकोस. नंतर पाच निंबोळ्या जवळजवळ आणि पाच लांब-लांब मांड. चार वर्षांचं पोर लांबलेल्या ओळीकडे बोट दाखवून "इथं जास्त" म्हणेल. तिथे "चूक" म्हणू नये. दोन्ही ओळींतली एक-एक निंबोळी जोडीने समोरासमोर ठेवायला सांगावी. निंबोळी चिमटीत उचलणारी तीच बोटं पुढे पेन्सिल धरतात, म्हणून अक्षरं गिरवायची घाई नको. बी मात्र फोडून चाखू देऊ नकोस.

मातीचा खेळ नीट सांगतो, कारण तो हमखास फसतो. एक लिटरच्या दोन बाटल्या मधोमध काप, धारेला चिकटपट्टी लाव. झाकण काढून तोंडाला सुती फडकं बांध आणि वरचा भाग खालच्यात उलटा बसव. एकीत नाल्याची वाळू, दुसरीत काळी माती, दोन्ही निम्म्यापर्यंत. ओतण्याआधी विचार, "पाणी आधी कुठून पडेल?" मग एकेक कप पाणी. कोरडी ढेकळं तशीच भरलीस तर पाणी फटींतून सरळ खाली जातं आणि काळी मातीच जिंकते! म्हणून ढेकळं फोड, चाळून घे, ओली करून अर्धा तास फुगू दे. मग वाळूतून धार लागते, मातीतून जेमतेम थेंब. आणि दुसऱ्या दिवशी ती चूक मुद्दाम कर. उन्हाळ्यात भेगाळलेलं शेत पहिल्या पावसाचं पाणी कसं गिळतं, हे पोरांना तिथेच दिसेल.

मूग पेरशील तर बोटाच्या एका पेराएवढा खोल. पोरं रोज उकरून पाहतात आणि कोंब मोडतो. म्हणून चार दाणे काचेच्या ग्लासात, काच आणि ओलं फडकं यांच्या मध्ये ठेव. मूळ आधी खाली जातं, हे बाहेरून दिसतं. फडकं ओलं असावं, पाण्यात बुडालेलं नको, नाहीतर दाणे कुजतात.

पोर "हाई काय शे?" विचारेल तेव्हा अहिराणीतच उत्तर दे. घरचा शब्द आधी पक्का होऊ दे, पुस्तकातला त्याच्या शेजारी ठेव. खडबडीत, बुळबुळीत, भुसभुशीत हे शब्द हाताला लागल्यावर राहतात.

बाकी जपायचं ते जप. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत सगळ्यांना सावलीत आण. आपलं ऊन तुला सांगायला नको. रुईचा चीक डोळ्यात जातो; धोतरा, एरंड, गुंजा यांच्या बिया विषारी, त्या आवारात नकोतच. गाजरगवत आधी उपटून टाक. दगड पोरांनी उलटायचा नाही, तू काठीने उलट. खाली विंचू असतो. फवारलेल्या कपाशीत पाय ठेवू देऊ नकोस.

नाल्याला पाणी आलं की खोली कळव. घोट्याच्या वर असेल तर पोरं काठावरच बसतील, आणि पाणी बादलीत काढून त्यांच्यापुढे आणावं लागेल.

तुझा,
बापू