शनिवारच्या बैठकीसाठी: 'माय सो-कॉल्ड लाइफ' पुन्हा पाहताना

सदस्यहो, नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी 6 वाजता नेहमीच्या जागी आपली बैठक आहे. या वेळी 'माय सो-कॉल्ड लाइफ'. 1994 साली अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका अवघ्या 19 भागांत बंद पडली, तेव्हा "वेळ नाही" ही सबब चालणार नाही. निदान पहिला, नाताळचा आणि शेवटचा भाग पाहूनच या.

एक मनापासूनची विनंती. या वेळी पंधरा वर्षांच्या अँजेलासोबत तिच्या आईकडेही बघा. पहिल्याच भागात अँजेला केस लालभडक रंगवून येते. शाळेत असताना मी तो प्रसंग पाहिला तेव्हा आई मला नुसती कटकटी वाटली होती. परवा पुन्हा पाहिला आणि माझी नजर तिच्या चेहऱ्यावरून हलेना. आपलं लेकरू आपल्याला न विचारता मोठं होतंय, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळतं. अँजेला साकारणारी क्लेअर डेन्स तेव्हा खरोखरच जवळपास त्याच वयाची होती, म्हणून तिचं अडखळणं इतकं खरं वाटतं.

अँजेलाला आवडणाऱ्या जॉर्डनवर भाळलेल्यांनी तिच्यावर मनातून प्रेम करणाऱ्या शेजारच्या ब्रायनलाही न्याय द्यावा. शेवटच्या भागातलं त्याचं पत्र आठवा!

नाताळच्या भागात अँजेलाचा मित्र रिकी बेघर होतो. तो भाग जड जातो, शक्यतो एकट्याने पाहू नका.

घरात वयात आलेली मुलं असतील तर त्यांनाही जरूर आणा. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवावं, म्हणजे चहा-खाण्याचा अंदाज येईल.