पंडिता रमाबाईंना, मुक्तीतल्या एका मुलीच्या पणतीकडून

आदरणीय रमाबाई,

सप्रेम सलाम.

माझी पणजी 1900च्या दुष्काळात गुजरातेतून पुण्याजवळच्या केडगावला आली. आपल्या गावाचं नाव तिला सांगता येत नव्हतं. तुमच्या मुक्तीत, निराधार बायका-मुलींच्या त्या आश्रमात, ती पोटभर जेवली, मराठी बोलायला-वाचायला शिकली आणि पुढे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवू लागली. आमच्या घराण्याची माहिती तिथून सुरू होते, त्यामागचं कुणालाच काही ठाऊक नाही. त्या अन्नाचे, त्या छपराचे आभार मानायला आमच्या चार पिढ्या अपुऱ्या आहेत. पण आज मला आभार मानायचेत ते 1893 साली तुम्ही लोटून न घेतलेल्या एका दाराबद्दल.

विधवांसाठी तुम्ही काढलेली शाळा, शारदा सदन, तेव्हा पुण्यात होती. अमेरिकेतल्या बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं मदत कबूल केली होती आणि शाळेत धर्माची शिकवण द्यायची नाही, असं ठरलं होतं. मुलींचे सोवळे-ओवळे, व्रतं, जेवणखाण त्यांच्या त्यांच्या रीतीनं चालायचं. तुम्ही मात्र आपल्या खोलीत लेकीला, मनोरमेला घेऊन ख्रिस्ती प्रार्थना करत होता आणि दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात सुधारकांचं सगळंच चुकलं असं मला म्हणवत नाही. विधवांच्या शिक्षणावर आधीच टपून बसलेल्या समाजाला त्यांना तोंड द्यायचं होतं, आणि दिलेल्या शब्दाची काळजी त्यांनाही होती.

तरी मी पुन्हा पुन्हा त्या दारापाशी येते. ख्रिस्ताला सोडा, असं तुम्हाला कुणी म्हणत नव्हतं. मागणी फार छोटी होती, दार लावून घ्या, एवढीच. ते लावलं असतं तर शाळा भरलेली राहिली असती, मान राहिला असता, मोठ्या माणसांचा आधार राहिला असता. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलं, तिला पुण्यात सुखानं राहणं काय कठीण होतं? तुम्ही कुणाला आत ओढलं नाही, पण कुणी येऊ नये म्हणून प्रार्थना लपवलीही नाही.

आणि हे फक्त हिंदू समाजापुढेच नव्हे. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर, ज्यांनी आसरा दिला त्याच सिस्टरांशी तुम्ही धर्मतत्त्वांवर वाद घातलात. पटलं नाही ते पटलं नाही म्हणून कळवलंत. परक्या देशात, विधवा, कडेवर लहान मुलगी, कानांनी नीट ऐकू येत नाही, अशा बाईनं मान डोलावली असती तर कोण दोष देणार होतं?

आमच्या चर्चच्या मंडळीत तुमच्या गोष्टी चमत्काराच्या म्हणून सांगतात. प्रार्थना केली आणि धान्य आलं. मला त्यात काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. केडगावच्या माळावर विहिरी खणाव्या लागल्या, शेत कसावं लागलं, माग चालवावे लागले, अंध बायकांना ब्रेल शिकवावं लागलं. बोस्टनचा दहा वर्षांचा करार 1898 साली संपल्यावर ठरलेली मिळकत उरली नाही, आणि नेमक्या त्याच काळात तुम्ही माझ्या पणजीसारख्या शेकडो जणींना घरात घेतलंत. भूक म्हणजे काय हे तुम्हाला माहीत होतं. तुमचे आईवडील दुष्काळानंच नेले होते.

मग बायबल. उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकायचं, जेमतेम वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी शोधायची आणि ती मुक्तीतल्या बायकांच्या हातांनी छापायची! 1921 साली मनोरमा गेली, तरी तुम्ही काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922ला तुम्ही गेलात. संपूर्ण बायबल छापून हातात आलं ते त्यानंतर. पणजी सांगायची, म्हणे, की उलटी अक्षरं जुळवता जुळवताच तिला स्तोत्रं पाठ झाली. आजीला ती तिच्याकडून मिळाली, आईला आजीकडून, मला आईकडून.

मी एका कार्यालयात नोकरी करते. जेवणाआधी डोळे मिटून आभार मानते, एवढंच. मध्यंतरी सुचवण्यात आलं की हे घरी करावं, इथे कशाला? बोलणं सौम्य होतं आणि मला तिथे गोडीगुलाबीनं राहायचंही होतं. तुम्ही माझ्याआधी तिथे उभ्या राहिला नसता, तर मला काय करावं ते सुचलं नसतं. मी कुणाशी भांडले नाही. डबा उघडते, डोळे मिटते, आभार मानते, मग सगळ्यांबरोबर जेवते. शेजारची मैत्रीण आता माझं होईपर्यंत थांबते.

रविवारी उपासनेनंतर वस्तीतल्या काही बायकांना वाचायला शिकवते. धर्म कुठला, हे विचारत नाही. ज्यांना हवं त्या माझ्याबरोबर प्रार्थनेला थांबतात, ज्यांना नको त्या पाटी-पुस्तक उचलून घरी जातात आणि पुढच्या रविवारी परत येतात. हे असं करायचं असतं हे तुमच्याकडूनच कळलं, बाई. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमची,
मुक्तीच्या छापखान्यातल्या एका मुलीची पणती