गृहमंत्री साहेब, कौल फोडलं म्हणून पोरगी सुखरूप घरी येत नाही

मा. गृहमंत्री, कर्नाटक राज्य, बेंगळूर

साहेब नमस्कार,

पत्र मराठीत लिहितेय. कन्नड बोलते मी, बाजारात बोलते, बसमध्ये बोलते, स्टेशनातपण बोलते, खरं चार पानं लिहायची म्हटली की हात अडतो. डिसेंबरात अधिवेशनाला सुवर्णसौधला येताच तुम्ही, तेव्हा बेळगावातलं कुठलंपण शाळकरी पोरगं तुम्हाला हे कन्नडात वाचून दाखवील, आमच्या पोरांना दोन्ही येतंय.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपात अकाउंट्स बघते. आणि गेली चौदा वर्षं रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात पोरींना स्वसंरक्षण शिकवते, फी घेत नाही, त्यामुळं कुणाचं मन राखायचीपण गरज पडत नाही. वडील पैलवान होते, लाल मातीतले. घरात मुलगा नाही म्हणून मला कराटेला घातलं, ब्लॅक बेल्ट मिळाला तेव्हा पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी म्हणाले, "पोरी, आखाड्यात पंच असतो, वजन बघून जोड लावतात. रस्त्यावर ह्यातलं कायबी नसतंय, तवा तिथं डाव टाकायला जाऊ नकोस, वाट बघ कुठनं निघायचं ते." मला राग आला होता. वीस वर्षं लागली पटायला.

आता मुद्द्यावर येते. मागच्या फेब्रुवारीत तालुक्यातल्या एका हायस्कुलात स्वसंरक्षणाच्या तीन महिन्यांच्या ट्रेनिंगचा समारोप होता, मला पाहुणी म्हणून बोलवलेलं. शाल, नारळ, भाषणं झाली आणि नववीतल्या एका मुलीनं स्टेजवर तीन मंगळुरी कौलं हातानं फोडली. टाळ्याच टाळ्या. ती कौलं मी आधी हातात घेऊन बघितली होती, जुन्या घरावरची, खडखडीत वाळलेली, वरच्या कौलाला मधोमध केसाएवढी चीर. पोरीची काही चूक नाही त्यात, सगळ्या डेमोत तसंच असतंय, मीपण लहानपणी तशीच फोडलीत. नंतर चहाच्या वेळी तिला बाजूला घेतलं, विचारलं, तुझं मनगट धरू का, सोडवून दाखव. ती खुश. तिला शिकवलेलं बरोबर होतं, अंगठ्याच्या बाजूला पकड कच्ची असते, तिकडं वळवून झटका द्यायचा. खरं मी एका हातानं धरून शहाण्यासारखी उभी राहिले नाही, दोन्ही हातांनी धरलं आणि ओढत चालायला लागले, कारण पकडणारा माणूस फोटोला उभा राहत नसतो. पहिली दोन पावलं ती हसत होती. मग चपला घासायला लागल्या, हसू गेलं, झटका द्यायचा ते आठवेचना तिला. मी लगेच सोडलं, पाठीवरनं हात फिरवला. ती म्हणाली, "बाई, सरांनी असं नव्हतं धरलं."

साहेब, ह्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे.

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतनं शाळांना ह्या तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला पैसे येतात, आपल्या राज्यात चित्रदुर्गाच्या शूर ओबव्वाच्या नावानं वसतिगृहातल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवायची योजना आहे. चांगलं आहे, बंद करा असं मी म्हणत नाही. खरं ओबव्वा नावच घेतलंय तर तिनं काय केलं ते तरी नीट बघू की. हैदरअलीचं सैन्य चित्रदुर्गाच्या कोटात शिरत होतं ते एका वेळी एकच माणूस सरपटत येईल एवढ्या भोकातनं. ही बाई मैदानात जाऊन सैन्याशी भिडली नाही, भोकाच्या बाजूला उभी राहिली, हाताला रोज सवय होती ते मुसळ घेतलं आणि एकेकाला आत येऊ दिलं. जागा बघितली, वेळ बघितली, घरातलीच वस्तू वापरली. आम्ही मात्र तिच्या नावावर पोरींना हवेत लाथा मारायला शिकवतोय, एक-दोन-तीन-चार, ओळीत उभं राहून.

आमच्या खानापूरच्या रानातली माणसं अस्वलाच्या वाटेनं जाताना खाकरत, बोलत, काठी आपटत जातात. अस्वलाशी कुस्ती कशी करायची हे कुणी कुणाला शिकवत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आम्हाला आधी कुस्तीच आठवते.

चाकूचं तर विचारू नका. व्हिडिओत दोन सेकंदात चाकू हिसकावतात. माझ्याकडं एक साधा प्रयोग आहे, एकाला जुना पांढरा बनियन घालायचा, दुसऱ्याच्या हातात लाल स्केचपेन द्यायचं, टोपण काढून, आणि सांगायचं घे हिसकावून. गेल्या वर्षी एका तालमीतला चांगला नव्वद किलोचा पोरगा आला, म्हणाला अक्का मी घेतो बघा. पेन घेतलं त्यानं शेवटी, नाही असं नाही. बनियनवर अकरा रेघा होत्या, दोन मानेजवळ. तो बराच वेळ आरशात बघत राहिला. ह्यावर काही पालक म्हणतात मग पोरीच्या पर्समध्येच चाकू ठेवू. अहो, भीतीनं हात थरथरत असताना चेनीतनं काढलेला चाकू दुसऱ्याच्या हातात जायला किती वेळ लागतो? पेपर स्प्रेचंपण तसंच, उपयोग आहे, खरं भरलेल्या बसमध्ये मारला तर आपल्यासकट अख्खी बस खोकते, वारा उलटा असला तर आपलेच डोळे जातात, आणि पर्सच्या तळाशी डबा-छत्रीच्या खाली असला तर तो असून नसल्यासारखा. २०२४ च्या मे महिन्यात आपल्याच हायकोर्टानं एका भांडणाच्या केसमध्ये पेपर स्प्रेला घातक हत्यारात मोजलं आणि जिवाला तसा धोका नसताना वापरला म्हणून गुन्हा रद्द करायला नकार दिला. स्प्रे वाटणाऱ्यांनी हे पोरींना सांगितलंय का कधी?

कायद्याबद्दल तर दोन्ही टोकं ऐकायला मिळतात. एक म्हणतो, "आधी त्याचा हात पडू दे, मग तू मार, नाहीतर केस तुझ्यावरच." दुसरा म्हणतो, "त्यानं सुरुवात केली ना, मग तंगडी मोडून ठेव, सेल्फ डिफेन्स आहे." दोघंपण चूक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, जुन्या दंडसंहितेची म्हणजे आयपीसीची स्वसंरक्षणाची ९६ ते १०६ कलमं आता ३४ ते ४४ झाली, मजकूर जवळपास तोच राहिला. त्यात स्वच्छ आहे की धोक्याची वाजवी भीती वाटली तिथनंच हक्क सुरू होतो, मार खायची वाट बघायची नसते, आणि भीती संपली की हक्कपण संपला. तो पळाला आणि तुम्ही मागं धावून, चौघं मिळून चोपलंत तर ते स्वसंरक्षण नव्हे. लागेल तेवढंच, त्याच्यावर नाही. खून, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण अशा काही प्रसंगात जीव घेण्यापर्यंत हक्क जातो, अॅसिडहल्ला त्यात २०१३ ला घातला. आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही, आपण स्वसंरक्षणात मारलं हे कोर्टात दाखवायची जबाबदारी आपल्यावर असते. म्हणून सुटल्यावर गप घरी जाऊन रडत बसायचं नाही, आधी फोन, आधी स्टेशन. आमच्याकडं उलटं होतंय, पोरगी अब्रूच्या भीतीनं गप बसते आणि तेवढ्यात समोरचा फुटलेलं डोकं घेऊन तक्रार देऊन मोकळा.

कलम ३५ मध्ये दुसऱ्याचं शरीर वाचवायचा हक्कपण आहे, हे माझ्या क्लासात सांगितलं की मोठ्या बायकापण चकित होतात. २०२३ च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यात होसा वंटमुरीत, मुलगा एका मुलीबरोबर पळून गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली आणि बघत उभं राहिलेल्यांनापण सोडलं नाही, खडसावलं. आणि त्याच्या उलटं, २०१८ ला बीदर जिल्ह्यात पोरं पळवणारी टोळी आली म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरलं आणि गावानं निरपराध माणसाचा जीव घेतला. मारणाऱ्यांनापण वाटलंच असणार की आपण गाव राखतोय.

आता सगळ्यात अवघड बोलते. पोरींना आम्ही जो माणूस दाखवतो तो कोण असतो? अंधारातला, तोंड बांधलेला, अनोळखी. देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीचे आकडे दरवर्षी सांगतात की बलात्काराच्या केसेसमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर आरोपी ओळखीचा असतो, नातलग, शेजारी, मित्र, कामावरचा. दोन वर्षांमागं क्लास संपल्यावर एक सोळा वर्षांची मुलगी चटई गुंडाळत गुंडाळत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, माणूस वळखीचा असला तर कुठं मारायचं?" मी गुडघा, नाक, गळा सगळं शिकवलेलं होतं आणि मला उत्तर येईना. तिथंच चटईवर बसलो दोघी. त्या माणसाच्या ताटात तिची आई रोज भाकरी वाढत होती साहेब, त्याला लाथ मारून ती जाणार कुठं होती? तिला लाथ नको होती, तिला "नको" म्हणायची परवानगी पाहिजे होती आणि ते ऐकून तिच्यावरच संशय घेणार नाही असं एक मोठं माणूस. पुढं काय झालं ते मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर मात्र त्या दिवसापासनं सभामंडपाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात आहे, बाजूला पोलिसांचा ११२.

आणि पुष्कळ जणींचं अंग त्या वेळी गोठतं. ओरडता येत नाही, हात उचलत नाही. हा भित्रेपणा नव्हे, भीतीत शरीर तसं करतंच, पैलवानाचंपण करतंय. डेमोमुळं काय होतं, शिकलेली पोरगी गोठली की तिला वाटतं मीच कमी पडले, आणि घरचेपण म्हणतात, "एवढा क्लास लावला होता, मग का नाही मारलंस?" न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये लिहिलंय की अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरनं बाईची संमती होती असं धरायचं नाही. हे वाक्य कौलांच्या आधी शिकवा.

माझ्या क्लासात अर्धा तास नुसता आवाजावर जातो. बायकांना फुकट बसची शक्ती योजना आल्यापासनं खानापूर-बेळगाव बसला सकाळी पाय ठेवायला जागा नसते, त्या गर्दीत कुणाचा हात कुठं जातोय ते बायांना बरोबर कळतंय, खरं आवाज फुटत नाही. म्हणून आम्ही ओरडायची प्रॅक्टिस करतो, "ओ काळा शर्ट, हात काढ! कै तगी!" दोन्ही भाषेत, शर्टाचा रंग सांगून, म्हणजे बाकीची माणसं कुणाकडं बघायचं ते लगेच समजतात. पहिल्या दिवशी पोरींच्या तोंडातनं उंदरासारखा आवाज येतो. महिन्यानं देवळाची घंटा हलते. मंगळसूत्र ओढलं तर सोडून द्यायचं हेपण शिकवतो, माझ्या आत्यानं सोडलं नाही, गाडीमागं फरफटत गेली, दोन तोळे वाचले आणि खांदा कायमचा गेला, आणि तरीपण लोक तिचं कौतुकच करतात.

तर मागणं असं आहे. ट्रेनिंगच्या तीन महिन्यांत लाथा-बुक्क्या ठेवा हव्या तर, अंग मोकळं होतं, पोरींना मजा येते, खरं एक महिना तरी आवाज, अंतर, निघून जायच्या वाटा आणि ओळखीच्या माणसाचा विषय ह्यावर द्या. समारोपाला कौलं फोडू नका, त्याऐवजी पोरींना ११२ ला फोन करायची रंगीत तालीम करायला लावा, कुठं आहेस ते सांगता येतंय का बघा, जवळचा स्टॉप, पिरनवाडीच्या पुढं का मच्छेच्या अलीकडं. कायद्याचा एक तास स्टेशनच्या महिला पोलिसांनी शाळेत येऊन घ्यावा, पोरींना खाकीतली एक तरी बाई तोंडओळखीची होईल. आणि सीमाभागातल्या आमच्या तालुक्यांसाठी ११२ वर मराठी समजणारं माणूस चोवीस तास असू द्या, एफआयआर कन्नडात लिहा, हरकत नाही, कायद्यानं ती तक्रार देणाऱ्याला वाचून दाखवायची असतेच, ती तिला समजणाऱ्या भाषेत दाखवा. इथं भाषावाद काढायचा नाही मला, त्याला दुसरी माणसं आहेत. मी एवढंच बघितलंय की घाबरलेलं पोरगं आईच्या भाषेत ओरडतं.

डिसेंबरात येणारच आहात तर एखाद्या रविवारी सकाळी साडेसातला देवळात या, बंदोबस्त आणू नका, चप्पल बाहेर काढा. एक जुना पांढरा बनियन तेवढा घेऊन या, स्केचपेन आमच्याकडं आहे.

तुमची,
उद्यमबागेतली एक बाई