आपल्याच गावात पाहुणा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात मागे एका वाचकाने लिहिले होते की, नोकरीधंद्यासाठी गोव्याबाहेर गेलेली माणसे चतुर्थीला चार दिवस येतात, गाडी लावायला जागा नाही म्हणून कुरकुरतात, ‘आमच्या वेळचे म्हापसे आता राहिले नाही’ असा उसासा टाकतात आणि पुन्हा निघून जातात; गावाला त्यांचा उपयोग काडीचा नाही. मी मूळचा म्हापशाचा आणि गेली २२ वर्षे पुण्यात राहणारा, म्हणजे नेमका त्या जातकुळीतला असल्यामुळे ते पत्र मला चांगलेच झोंबले. त्यातला आरोप खोटा नाही, हे आधीच कबूल करतो. पण गावाची ओढ ही गोष्ट त्यांनी फारच स्वस्तात निकालात काढली, असे वाटल्याने चार ओळी लिहीत आहे.

पुण्यात आमच्या कचेरीत नांदेडचा, सोलापूरचा, चिपळूणचा असे सगळीकडचे लोक आहेत. त्यांच्यापैकी कुणी ‘घरची फार आठवण येते’ म्हटले की बाकीचे त्याच्यासाठी चहा मागवतात. मी तेच म्हटले की हसतात. ‘तुमचे काय बुवा, तुमचे घर म्हणजे आमची सुट्टी’ असे म्हणून लगेच कोणत्या किनाऱ्यावरचे हॉटेल चांगले, दारू कुठे स्वस्त, याची चौकशी सुरू होते. वास्तविक समुद्रावर मी वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळीच जात असे आणि तेही घरी पाहुणे आले तर. गोवेकराच्या घरओढीची पंचाईत ही अशी आहे. त्याचे गाव सगळ्यांनी आधीच पाहिलेले असते आणि त्याला जे आठवते ते त्यांतल्या कुणीच पाहिलेले नसते.

मला आठवतो तो शुक्रवार, म्हापशाच्या आठवडी बाजाराचा दिवस. २०११ च्या जनगणनेत जेमतेम ४० हजार वस्तीचे निघालेले हे शहर त्या एका दिवशी दुपटीतिपटीने फुगल्यासारखे वाटते, कारण आमच्या बार्देश तालुक्यातूनच नव्हे, तर पेडणे आणि डिचोलीच्या बाजूनेही बाया पहाटेच्या गाडीने आपापला माल घेऊन उतरतात. ‘माप’ आणि ‘सा’, म्हणजे माप भरणे, यावरून म्हापसे हे नाव पडले असे आमच्याकडे सांगतात. खरेखोटे भाषापंडित जाणोत, पण शुक्रवारी सकाळी ते पटते. मयड्याची लांबलचक केळी, हरमलची मिरची, चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा, मडकी, विळे, रोपटी असे एकाला लागून एक मांडलेले असते आणि कोणत्या ओळीत काय बसते हे आम्हा पोरांना डोळे मिटूनही कळे, कारण सुक्या बांगड्यांचा वास कुठे संपतो आणि मोगऱ्याच्या वळेसरांचा कुठे सुरू होतो ही आमची हद्द होती. मे महिन्यात पुरुमेंताची घाई उडे. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, हे तरुण वाचकांसाठी सांगितलेले बरे. शब्द पोर्तुगीजांकडून आला, गरज मात्र आमच्याच पावसाची. सोलां (आमसुले), खारे मासे, कांद्यांच्या माळा, चिंच. त्याच सुमारास मिलाग्र सायबिणीचे, म्हणजे म्हापशाच्या चर्चमधल्या मेरीमातेचे, फेस्त (उत्सव) येते. तिला तेल वाहायला आमची आजी न चुकता जाई, कारण सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण आणि बहिणीकडे गेलेच पाहिजे, यात आजीला कधी काही विशेष वाटले नाही.

पोदेराचेही, म्हणजे पाववाल्याचेही, तसेच. पुण्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात खानावळीत ‘पोळी घ्या’ म्हटल्यावर मी हरखलो आणि ताटात चपाती पडली. कोंड्याची, मधोमध पोकळ, सुरेने, म्हणजे माडीने, आंबवलेली आमची पोळी (आता बहुतेक ठिकाणी सूर जाऊन यीस्ट आले आहे, ते असो) पहाटेच्या भोंप्याबरोबर दारात यायची. त्या चपातीपुढे बसून मला प्रथम समजले की आपण दूर आलो आहोत. भाषा तीच, शब्द तोच आणि वस्तू दुसरी.

‘उपयोग काडीचा नाही’ या वाक्याबद्दल मात्र हरकत नोंदवतो. बाहेर गेलेल्या गोवेकराच्या ओढीने पूर्वी पुष्कळ काही उभे केले आहे. मुंबईला धोबीतलावच्या परिसरात गोव्यातल्या एकेका गावाच्या नावाने कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक वसतिगृहे, असत. बोटीवर जाणारा किंवा बोटीवरून उतरलेला खलाशी तिथे पथारी पसरी, गावच्या सायबाचे फेस्त तिथेच साजरे होई आणि गावची भांडणेही तिथेच मिटत वा पेटत. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनने पुढे मराठी रंगभूमीवर जे काम केले ते सर्वश्रुत आहे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट दुसऱ्या दिवशी पणजीला लागण्याच्या काळात, येणे-जाणे अवघड होते म्हणूनच कदाचित, त्या पिढीने ओढीचे संस्थेत रूपांतर केले. आमच्या पिढीला १९९८ पासून कोकण रेल्वे सलग धावू लागली, २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि आम्ही संस्था काढण्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीचे, फोटो फिरवतो. येथे मी त्या पत्रलेखकांच्या बाजूला जातो.

गेल्या चतुर्थीचा एक प्रसंग सांगतो. हरितालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी बसमधून उतरलो आणि घरी न जाता पाठीवरच्या सॅकसह थेट माटोळीच्या बाजारात शिरलो. आंबाडे, तोरिंगा, चिबूड, सुपारीचे कात्रे, कांगले, घागऱ्या असा रानचा आणि भाटांतला माल जमिनीवर मांडून बाया बसल्या होत्या. एका वयस्क बाईपुढे मी वाकलो, तर तिने माझ्या सॅककडे आणि टोपीकडे पाहून म्हटले, ‘साब, पूरा सेट लेगा?’ ज्या बाजारात मला माझ्या आईच्या नावाने ओळखत, त्या बाजारात मला हिंदीत हाक आली. मी विचारले, ‘माटोळयेचें सामान कितलें, मावशे?’ ती क्षणभर थांबली आणि मोठ्याने हसली. ‘अरे देवा, तूं हांगाचोच मरे!’ म्हणजे, तू तर इथलाच की! भाव एका रुपयाने उतरला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण वर मूठभर आंबाडे पडले आणि पिशवी फाटलेली पाहून तिने आपली बांबूची टोपलीच पुढे केली. ‘फुडल्या सुक्रारा परत हाडून दी’ म्हणाली, म्हणजे पुढच्या शुक्रवारी परत आणून दे.

तिची चूक मी धरत नाही. तिच्यापुढे दिवसभर वाकणाऱ्या दहांपैकी निदान काही तरी बाहेरचेच असतात आणि पोटासाठी तिला त्यांची भाषा बोलावीच लागते. माझे म्हणणे म्हापशातल्या दुकानदारांना, बाजारात बसणाऱ्यांना आणि रिक्षा-टॅक्सीवाल्यांना एवढेच आहे की, समोरचा कोण आहे हे वेशावरून ठरवण्यापूर्वी पहिला शब्द आपल्या बोलीतला असावा. त्याला कळले नाही तर दुसरा शब्द हवा त्या भाषेत काढावा. तो शब्द कोकणीतला असावा की मराठीतला, हा वाद मी उकरून काढत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीलाही सरकारी कामात वाव ठेवला, आणि आमच्या घरात आजीची ओवी व आरती मराठी, भांडण कोकणीत, असा कारभार सुखाने चालला. मीही पुण्यात परकाच आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला हिणवावे असे मला मुळीच सुचवायचे नाही.

आणि आमच्याकडून काय व्हावे? वर्षातले अकरा महिने कुलूप लागलेली घरे म्हापशात आणि आसपासच्या गावांत किती आहेत हे संध्याकाळी वाड्यावरून चालत गेल्यास दिसते; दिवा नसलेली घरे मोजावीत. त्यांत आमचेही एक आहे. शेजारच्या वहिनी महिन्यातून एकदा खिडक्या उघडतात, वाळवी लागली का पाहतात आणि नळाचे बिल भरून मला फोटो पाठवतात. मी त्याबद्दल ‘आभारी आहे’ लिहितो. गावाबद्दल माझे प्रेम किती, याचे मोजमाप त्यांच्या झाडूने होईल, माझ्या उसाशांनी नव्हे. चतुर्थीच्या गर्दीत येऊन गर्दीला नावे ठेवण्यापेक्षा आमच्यासारख्यांनी एखाद्या साध्या, बिनसणाच्या आठवड्यात यावे, पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीची वेळ माहीत करून घ्यावी, घराची कौले परतून घ्यावीत, असे मला आता वाटू लागले आहे.

पाच दिवसांचा गणपती पोचवून मी बुधवारच्या रात्रीच्या गाडीने पुण्याला परतलो, त्यामुळे पुढला शुक्रवार मला मिळालाच नाही. मावशीची टोपली आमच्या बंद घरात, माटोळी टांगतो त्या दांड्याला अडकवलेली आहे. येत्या मे महिन्यात पुरुमेंताच्या दिवसांत आठ दिवसांची रजा टाकली आहे. रानाकडचा माल आणणारी ती मावशी त्या दिवसांत बाजाराला बसते की नाही हे मी विचारून ठेवले नव्हते; पहिल्या शुक्रवारी टोपली घेऊन त्या ओळीत जाऊन पाहीन.

आपला नम्र,
एक म्हापसेकर
(सध्या वास्तव्य पुणे)