मॉरिसच्या फिल्टरसाठी धावून आलेल्यांचे आभार

बाबांची मॉरिस मायनर १००० पुन्हा चालू झाली, ती ज्यांच्यामुळे, त्यांची नावंही मी विचारली नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

या गाडीचं ९४८ सीसीचं इंजिन आजच्यासारखा अख्खा फिरवून बसवायचा ऑइल फिल्टर घेत नाही. लोखंडी डब्यात कागदी एलिमेंट, म्हणजे तेल गाळणारा भाग, बसतं, डबा एका लांब बोल्टने आवळायचा. दुकानात गाडीचं नाव सांगितलं की मान नकारार्थी हलते. ऑपेरा हाऊसजवळच्या त्या वयस्कर काकांनी मात्र नाव बाजूला ठेवलं. जुनं एलिमेंट हातात घेऊन उंची, बाहेरचा व्यास आणि मधलं भोक, तिन्ही व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजलं. भोक सैल असेल तर तेल कागदातून न जाता बाजूने निसटतं, हे त्यांनीच समजावलं आणि मग माळ्यावरून जुळणारी दोन काढून दिली.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दादांनी रबरी रिंग शोधलीच, वर बजावलंही: आधीची रिंग खाचेतून सुईने पूर्ण काढा, दोन एकावर एक बसल्या तर तेल गळणार. आणि डब्याच्या तळातली फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती? ती तर चोर बाजारातल्या चाचांनी पैसे न घेता दिली. एवढीशी चकती, पण तिच्याविना गाळणं व्यर्थ.

काका, दादा, चाचा, मनापासून आभार. दुसरं एलिमेंट मी जपून ठेवलंय. कुणाची मॉरिस अडली असेल तर हक्काने मागा.